भरती आली की प्लांट का बिघडतो? सांडपाणी प्रक्रियेवरची प्रश्नोत्तरं

किनाऱ्यावरच्या प्लांटवाल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, आणि उत्तर लिहून महिना होत नाही तोच तो प्रश्न नव्या नावाने परत हजर. म्हणून काही निवडक प्रश्न इथे एकत्र घेतोय.

एरेशन टँकमध्ये (जिवाणूंना हवा देतात त्या टाकीत) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, किती ठेवायचा?

2 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास. आधी प्रोब साफ करा, मग रीडिंगवर बोलू.

अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे दोन-तीन दिवस क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवायच्या टाकीतून) गाळ निसटतो, आउटलेट गढूळ होतं. ऑपरेटर म्हणतो कुठलीतरी फॅक्टरी रात्री टँकर ओततेय. स्लज वेस्टिंग, म्हणजे जिवाणूंचा गाळ बाहेर काढणं, वाढवू का?

नाही, स्लजला हात लावू नका. तुम्ही स्वतःच अमावास्या-पौर्णिमा लिहिलंय आणि तरी फॅक्टरी शोधताय! उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी सर्वात वर चढतं आणि तुमची जी काही सीवर लाइन, मॅनहोल, जुना ओव्हरफ्लो त्या पातळीच्या खाली आहे तिथून समुद्र आत येतो, फुटक्या जॉइंटमधून, न मिटणाऱ्या फ्लॅप व्हॉल्व्हमधून (पाणी उलटं येऊ नये म्हणून बसवलेल्या झडपेतून), कुणीतरी कधीकाळी जोडून ठेवलेल्या पावसाळी नाल्यातून.

हे तपासायला मोठा खर्च नाही. इनलेटला कंडक्टिव्हिटी मीटर (पाणी किती खारं ते विजेच्या वहनावरून दाखवणारा) लावा आणि दर तासाला रीडिंग लिहा, पंधरा दिवस, म्हणजे एक उधाण आणि एक भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) दोन्ही सापडतील. शेजारी भरतीचं वेळापत्रक ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज 50 मिनिटांनी पुढे सरकते. तुमचा कंडक्टिव्हिटीचा पीक पण रोज तसाच सरकत असेल तर तो समुद्र आहे, फॅक्टरी रोज 50 मिनिटं उशिरा उघडत नाही. भरती आणि पीक यांच्यात काही तासांचं अंतर दिसेल, तेवढा वेळ पाण्याला लाइनमधून प्लांटपर्यंत यायला लागतो, आणि गळती किती लांब आहे त्याचा अंदाजही त्या अंतरावरूनच येतो.

मग क्लोराइड काढा. समुद्राच्या पाण्यात ते साधारण 19,000 मिलिग्रॅम प्रति लिटर असतं. तुमच्या सांडपाण्यात भांगाच्या वेळी 100 असेल आणि उधाणाला 2,000 दिसलं तर येणाऱ्या पाण्यातला दहावा हिस्सा समुद्र आहे. म्हणजे दहा टक्के पंपिंगची वीज समुद्र उपसून परत समुद्रात टाकायला जातेय.

आता गाळ का निसटतो. स्लजचा फ्लॉक (जिवाणूंचा पुंजका) धरून ठेवण्यात कॅल्शियमचा मोठा हात असतो, सोडियम एकदम वाढलं की ते कॅल्शियमची जागा घेतं आणि फ्लॉक सुटा होतो. दुसरं म्हणजे खारं पाणी जड, ते क्लॅरिफायरच्या तळाशी बुडी मारतं, तळातून प्रवाह धावतो आणि बसलेला गाळ उचलतो. स्लजला मिठाची सवय होते हो, कायम खाऱ्या पाण्यावर चालणारे प्लांट आहेतच, पण रोज दोनदा वरखाली होणाऱ्या मिठाची सवय होत नाही. आणि अशा वेळी तुम्ही वेस्टिंग वाढवलं तर नायट्रिफिकेशन करणारे (अमोनियाचं नायट्रेट करणारे) जिवाणू, जे मुळात सावकाश वाढतात, तेच आधी हातचे जातात.

गोष्ट इथे संपत नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट 2,700 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या घरात असतं. ते सीवरमध्ये गेलं की हवा नसलेल्या थरात त्याचं हायड्रोजन सल्फाइड होतं, तो वायू पाइपच्या वरच्या ओल्या भागावर जातो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करतात आणि काँक्रीट आतून खाल्लं जातं. त्यातून नवी गळती, त्यातून आणखी समुद्र. एक-एक उधाण वाट बघत बसलात की बिल वाढतच जाणार, आणि सगळीकडे नेमकं हेच चाललेलं बघतोय, "पावसाळ्यानंतर बघू", "पुढच्या बजेटमध्ये टाकू". मीठ जैविक प्रक्रियेत निघत नाही, जेवढं आत आलं तेवढंच बाहेर जातं, त्यामुळे पाण्याच्या पुनर्वापराचा प्लॅन असेल तर तोही इथेच अडतो.

रात्री प्रवाह कमी असताना, भरतीच्या वेळी, वरच्या मॅनहोलपासून खाली कंडक्टिव्हिटी मोजत या, जिथे आकडा उडी मारेल त्या टप्प्यात सीसीटीव्ही कॅमेरा घाला. मोजणी झाकणाजवळून दोरीला सॅम्पलर लावून, आत उतरून नाही. मात्र फ्लॅप व्हॉल्व्ह स्वतःच्या मनाने बसवू नका, भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की बंद व्हॉल्व्हमागचं सांडपाणी लोकांच्या घरात चढू शकतं. हायड्रॉलिक डिझाइनरला लेव्हल्स दाखवूनच ठरवा.

एका सप्लायरने बॅक्टेरिया कल्चरची पावडर सुचवलीय, दर आठवड्याला टाकली की बीओडी (घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरतो म्हणतो. घेऊ का?

तुमच्या टँकमध्ये बॅक्टेरियाची टंचाई नाहीये! 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या रसायनतज्ज्ञांनी हेच दाखवलं, सांडपाण्याला हवा द्या, बसलेला गाळ फेकू नका, त्यातच पुढचं सांडपाणी घ्या, की आठवड्यांचं काम तासांवर येतं. जिवाणू सांडपाण्यातूनच येतात. पावडर दर आठवड्याला टाकावी लागते याचाच अर्थ ते जिवाणू तुमच्याकडे टिकत नाहीत. विषारी डिस्चार्जने सगळा स्लज मेला असेल तर जवळच्या चालू प्लांटचा ताजा स्लज आणा, तोही नियामकाला विचारून. तरी ट्रायल घ्यायचीच असेल तर दोन समांतर टँकपैकी एकातच टाका आणि रिपोर्ट बाहेरच्या लॅबकडून घ्या, सप्लायरच्या नाही.

सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) अचानक 450 ने वाढला, बीओडी मात्र तसाच. लॅब म्हणते मशीन बरोबर आहे.

मशीन बरोबरच असेल, क्लोराइड बघा. सीओडीच्या टेस्टमधला डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतो, 1 मिलिग्रॅम क्लोराइडमागे साधारण 0.226 मिलिग्रॅम खोटा सीओडी. 2,000 ला तेच 450. क्लोराइड बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घातलं का ते विचारा, आणि क्लोराइड 2,000 च्या वर असेल तर नेहमीची पद्धत चालत नाही, लॅबच्या केमिस्टशी बोला. पाऱ्याचा तो वेस्ट सिंकमध्ये ओतू नका.

क्लोरीन डोस दुप्पट केला तरी रेसिड्युअल (पाण्यात उरलेलं क्लोरीन) येत नाही.

डोस वाढवणं थांबवा, नायट्राइट मोजा. नायट्रिफिकेशन अर्धवट अडलं की मधल्या टप्प्यातलं नायट्राइट साचतं आणि 1 मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन जवळपास 5 मिलिग्रॅम क्लोरीन खातं. मिठाच्या धक्क्यानंतर हे बऱ्याचदा दिसतं, म्हणजे परत वरचंच उत्तर. आणि डोस वाढवत गेलात तर उरलेलं क्लोरीन समुद्रातल्या जीवांना मारतं, डीक्लोरिनेशन (उरलेलं क्लोरीन काढणं) नीट चालू असल्याशिवाय असले प्रयोग नकोत. प्रोसेस इंजिनियरला बोलवा.

समुद्र एवढा मोठा आहे, डायल्यूशन होतंच, मग एवढी प्रक्रिया कशाला?

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याला तुमचा मोठा समुद्र लागू पडत नाही. भरती घाण परत किनाऱ्यालाच आणते. एन्टरोकोकाय हे विष्ठेतले जिवाणू तर खाऱ्या पाण्यात कोलिफॉर्म जिवाणूंपेक्षा जास्त टिकतात, म्हणूनच बऱ्याच देशांत समुद्रकिनाऱ्याचं पाणी तपासताना ते मोजतात.

वेट वेलमध्ये (सांडपाणी साठवून पंप करायच्या खोल विहिरीत) अर्ध्या तासापूर्वी वास होता, आता अजिबात नाही. माणूस उतरवू का?

नाही. 100 पीपीएमच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड नाक बधिर करतो, म्हणजे वास गेला याचा अर्थ वायू वाढलाय असाही असू शकतो. गॅस मीटर, व्हेंटिलेशन, परमिट, वर उभी असलेली बचाव टीम, यातलं एक जरी नसलं तरी कुणीही उतरायचं नाही, आणि पडलेल्याला काढायला तर मुळीच नाही, दुसरा माणूस तसाच जातो.

आउटलेटचा टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) मर्यादेच्या वर गेला. पुढच्या सॅम्पलला उतरेल असं वाटतं, तोपर्यंत थांबू का कळवायला?

थांबू नका. परवान्यात कळवण्याची मुदत लिहिलेली असते, ती आजच वाचा, आणि शंका असली तर आधी फोन करून मग लेखी द्या. सकाळी सातला, पाणी सगळ्यात स्वच्छ असताना, एक बाटली भरून "आता ठीक आहे" म्हणणारे खूप बघितलेत, चोवीस तासांचं कंपोझिट (थोडंथोडं घेऊन एकत्र केलेलं) सॅम्पल लागलं की ते लगेच उघडं पडतं. एक गोष्ट मात्र खरंच तपासा, खाऱ्या पाण्याचा टीएसएस काढताना फिल्टर डिस्टिल्ड पाण्याने नीट धुतला नाही तर कागदावर उरलेलं मीठसुद्धा वजनात येतं. रिपोर्ट आधी कळवा, फेरतपासणीचा आकडा मागून जोडा.