आईबाबा टॅम्पाला येताहेत, बाबांना गरवायची हौस आहे. अर्ध्या दिवसाची फिशिंग चार्टर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, खाडीवर गरी टाकून बसण्यात निम्मं बालपण गेलेलं. आईबाबा एप्रिलमध्ये येणार आहेत. इथे फ्लोरिडात ‘हाफ-डे इनशोअर चार्टर’ म्हणून जे मिळतं, म्हणजे अर्ध्या दिवसासाठी कॅप्टनसकट भाड्याची बोट, त्यावर पाचेकशे डॉलर घालवावेत का, आणि मिळालेले मासे घरी आणून खाता येतात का?

घ्या. मी देवबागचा, गेली अकरा वर्षं टॅम्पाशेजारच्या सेंट पीटर्सबर्गला राहतो. चार्टरवर चारदा गेलोय, त्यातला एक फेरा माझ्या बाबांना घेऊन. तुमचे बाबा पैशाचा आकडा ऐकून जे म्हणतील ते माझ्या बाबांनी आधीच म्हणून ठेवलंय: “पाचशे डॉलर देवन गरवूक? येडो की काय तू?”

‘इनशोअर’ म्हणजे खोल समुद्रात जायचं नाही. टॅम्पा बे ही सुमारे चारशे चौरस मैलांची खाडी, पण सरासरी खोली जेमतेम बारा फूट. बोट बावीस-चोवीस फुटांची, कमी पाण्यात चालणारी, वर सपाट मोकळी. लाटा नसतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती फारशी नाही. किनाऱ्याला कांदळवन, तळाला समुद्री गवत, मध्येच कालवांचे खडक. आपल्या कर्ली खाडीत वाढलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत घरी आल्यासारखं वाटतं. उडी मारणारी बोयसुद्धा तीच. तशीच नव्हे, तीच जात.

अर्धा दिवस म्हणजे चार तास. वयस्क माणसांना तेवढेच पुरतात, पूर्ण दिवसाच्या मोहात पडू नका. सकाळची साडेसहा-सातची वेळ घ्या, नंतर ऊन भाजून काढतं. आणि एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही: या बोटींवर बहुतेक वेळा संडास नसतो. आईंना येण्याआधीच सांगा. माझ्या आईने तासाभरातच विषय काढला आणि कॅप्टनला बोट एका धक्क्याला लावावी लागली. त्याने हसून लावली, पण वीस मिनिटं गेली.

साध्या परवान्यावर कॅप्टन सहा जणांपर्यंत नेऊ शकतो, पण खरी सोय तिघांची, फार तर चौघांची. किंमत बोटीची असते, माणशी नसते. साधारण ४०० ते ६०० डॉलर धरा, वर १५ ते २० टक्के टिप. टिप ऐच्छिक आहे असं म्हणतात, पण ती द्यायचीच असते. रॉड, रीळ, आमिष, बर्फ त्याचंच. मासेमारीचा परवानाही वेगळा काढावा लागत नाही, चार्टरच्या परवान्यात प्रवासी येतात. उद्या बाबा स्वतःच धक्क्यावर जाऊन बसणार असतील तर मात्र पाहुण्यांसाठीचा परवाना लागतो, सात दिवसांचा तीस डॉलरला.

आता पैसे कशाचे, ते सांगतो.

आम्ही गेलो त्या दिवशी मार्चची पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. बाबांनी बोटीत बसल्या बसल्या बोटं मोजली. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करतात तो हिशेब तुमच्या बाबांनाही येत असणार. चतुर्थी, म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन. भरती तीनला, सुकती नऊच्या सुमाराला. बाबांनी जाहीर केलं, “नऊपर्यंत पाणी सुकतला.” मी ते कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला की आज अकरापर्यंत पाणी चढतच राहणार आहे.

बाबांना ते पटलं नाही. कांदळाच्या मुळांकडे बघत बसले. साडेनऊ झाले तरी पाणी चढतंच होतं, मुळांवरची ओली रेघ वर सरकत होती. चाळीस वर्षांत न चुकलेला हिशेब चुकला आणि बाबा जरा गप्पच झाले.

कारण साधं आहे. कोकणपट्टीला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या ठरलेल्या, त्यावरच पाऊणपटीचं गणित उभं आहे. मेक्सिकोच्या आखाताच्या या बाजूला भरती-ओहोटी मिश्र असते: कधी दोन असमान भरत्या, कधी दिवसभरात जेमतेम एक. वर पाणी चढतं तेही दोन-तीन फूटच. मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, त्यापुढे हे काहीच नाही. पण एवढ्या उथळ खाडीत त्या दोन फुटांनीच सगळं ठरतं. पाणी चढलं की मासा कांदळाच्या मुळांत शिरतो, उतरायला लागलं की बाहेरच्या खड्ड्यांत येऊन तोंड वासून बसतो. कोणत्या टोकाला, किती वाजता, वारा कुठला असताना, हे त्या कॅप्टनला माहीत असतं. तुमच्या बाबांना गरवायला शिकवायची गरज नाही. या खाडीचं घड्याळ वेगळं आहे, ते वाचणाऱ्याचे हे पैसे.

दुसरं काम तो तुम्ही यायच्या आधीच करून बसलेला असतो. पहाटे अंधारात गवताळ उथळ पाण्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून शेकडो छोटे मासे धरतो, आपल्या तारलीच्याच घराण्यातले. इथे त्यांना व्हाइटबेट किंवा ग्रीनबॅक म्हणतात. बोटीतल्या खेळत्या पाण्याच्या टाकीत ते जिवंत ठेवतो. मग जागेवर गेल्यावर मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिकची पोकळ बॅट काढतो, तिचं तोंड कापलेलं असतं, तिच्यात चार-पाच मासे भरतो आणि कांदळाच्या कडेला भिरकावतो. मासे पाण्यात पडतात, बावचळतात आणि खालून ‘टप्प’ असा आवाज येतो. स्नूक खायला लागला. बाबांनी ती बॅट दोनदा मागून घेतली, हे इथे नोंदवून ठेवतो.

स्नूक म्हणजे काय, असं बाबा विचारतील तर सांगा, जिताड्याचा लांबचा भाऊ. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच जिताडा. तसाच लांबट, तसाच खालचा जबडा पुढे आलेला, गालाची कड तशीच धारदार, आणि सवयही तीच: मुळांत दबा धरायचा, गरी लागली की तंगूस, म्हणजे गरीची दोरी, मुळांवर घासून तोडायची. दोघांच्यात आणखी एक साम्य आहे जे मला चाळिशीत कळलं. दोन्ही मासे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात.

म्हणूनच इथे ठेवून घ्यायच्या माशाला वरचीही मर्यादा आहे. या किनाऱ्याला स्नूक २८ ते ३३ इंचांच्या मधलाच ठेवता येतो, माणशी एक. लहान सोडायचा हे आपल्याला समजतं. मोठा का सोडायचा, तर ती अंडी घालणारी मादी असते. रेडफिश नावाच्या दुसऱ्या माशाला १८ ते २७ इंच, तोही माणशी एक. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात कॅप्टनला विचारून घ्या. तो मोजूनच देईल. त्याचा परवाना पणाला लागलेला असतो, त्यामुळे “जाऊ दे ना एक इंच” असलं काही चालत नाही.

बाबांचा स्नूक २६ इंच भरला. कॅप्टनने मोजपट्टीवर ठेवला, शेपटी चिमटीत धरली, पुन्हा मोजला, आणि पाण्यात धरून हळूहळू पुढेमागे केलं. शेपूट मारून तो गेला. बाबा त्या जागेकडे बघत राहिले. “दोन इंचासाठी?” एवढंच म्हणाले, आणि मग घरी पोचेपर्यंत तीनदा म्हणाले. तुम्ही आधीच कल्पना देऊन ठेवा. आपल्या पिढीजात डोक्याला धरलेला मासा सोडणं हे जेवणाऱ्याला पानावरून उठवण्यासारखं वाटतं.

पण ऐका, स्नूकसाठी धडपड करण्याला एक कारण आहे. फ्लोरिडात तो १९५७ पासून विकायला बंदी आहे. कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही बाजारात मिळणार नाही. खायचा तर आपण धरलेलाच. इथल्या पाण्यातला रेडफिशही विकता येत नाही. १९८०च्या दशकात मसाला लावून तव्यावर काळा करण्याची टूम न्यू ऑर्लिन्सहून निघाली, अख्ख्या अमेरिकेने तो खायला घेतला आणि आखातातला मासा संपायला आला. मग त्याचाही व्यापार इथे बंद केला. रेडफिश आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला, वर काढला की ढोम्यासारखाच पोटातून घुर्र करतो. बाबा आवाज ऐकूनच म्हणाले, “ढोमो मरे ह्यो!”

नावांचा एक घोळ मात्र आधीच सांगून ठेवतो. मालवणात हॉटेलच्या पाटीवर मुडदुशीला ‘लेडीफिश’ लिहितात. कॅप्टन “लेडीफिश!” म्हणून ओरडला तेव्हा आईचे डोळे लकाकले. इथला लेडीफिश वेगळाच, काट्यांचा नुसता पेंढा, हवेत तीन उड्या मारतो आणि चवीला कोणी विचारत नाही. कापून आमिषाला वापरतात. आईला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

खायला माझ्या मते सगळ्यांत चांगला मॅंग्रोव्ह स्नॅपर, आपल्या तांबोशीचा सख्खा चुलत. दहा इंचांच्या वरचे पाच मासे माणशी ठेवता येतात, आणि रवा लावून तळला की बोलायचं काम नाही. म्हणून बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा की आम्हाला घरी खायला मासे हवेत. नाहीतर कॅप्टन समजतो की पाहुण्यांना फोटो हवाय, आणि मोठ्या, झुंज देणाऱ्या, पण न खायच्या जॅक नावाच्या माशाच्या मागे अर्धी सकाळ घालवतो. पहिल्या फेरीत माझं हेच झालं होतं. हात दुखेपर्यंत मजा आली आणि घरी येऊन अंड्याची आमटी केली. चूक माझी, मी काही बोललोच नव्हतो.

धक्क्यावर परतल्यावर तो मासे साफ करून देतो, आणि इथे सावध राहा. इथली पद्धत म्हणजे दोन बाजूंचे काप काढायचे आणि डोकं, काटा, सगळं पेलिकनना टाकायचं. पेलिकन रांग लावून उभेच असतात. बाबांनी पाहिलं आणि मला कोपराने ढोसलं. डोकं गेलं तर तिरफळाची आमटी कशाची करायची? मी म्हटलं, फक्त खवलं आणि आतडी काढ, बाकी सगळं दे. कॅप्टनला ते नवीन होतं, पण त्याने दिलं. पेलिकन मात्र बराच वेळ आमच्याकडे बघत होते.

बोटीत केळी नेऊ नका. हसू नका, इथल्या मासेमारांची पक्की समजूत आहे की केळं बोटीवर आलं की मासा लागत नाही. आईच्या पिशवीत निघाली होती. कॅप्टनने मस्करीतच, पण ती खरोखर गाडीत ठेवायला लावली. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पोलरॉइड चष्मा घ्या. त्या चष्म्याने पाण्याची चकाकी जाऊन तळ दिसतो, बाबांना तीच मोठी करमणूक होईल. सनस्क्रीन लावलेल्या हाताने आमिष धरू नका.

आणि एक सवय मोडावी लागेल. इथे आत वळलेली गोल गरी वापरतात, सर्कल हुक. आपण लहानपणापासून ओढ लागली की हिसडा मारतो. या गरीला हिसडा मारला की ती तोंडातून सुटून येते. नुसतं रीळ फिरवत राहायचं, ती आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. बाबांनी पहिले तीन मासे हिसड्यात घालवले, मी दोन. कॅप्टन तोंडाने काही बोलला नाही, पण टोपी काढून परत घातली.

पाचशे डॉलर फारच वाटत असतील तर जुन्या स्कायवे पुलावर न्या. १९८० साली वादळात एक मालवाहू जहाज त्या पुलावर आदळलं, पूल कोसळला, ३५ माणसं गेली. नवा पूल बांधल्यावर जुन्याचे उरलेले रस्ते गरवायला मोकळे केले. थोडक्या पैशात दिवसभर बसता येतं. पण तिथे बाबा एकटेच गरवतील. पाण्याचं गणित सांगणारा कोणी नसेल.

तारखेचं शेवटचं. या किनाऱ्याला स्नूक ठेवायची मुभा वसंतात फक्त १ मार्च ते ३० एप्रिल, मग थेट सप्टेंबरला. आईबाबा महिन्याच्या शेवटी येत असतील तर पहिल्याच शनिवार-रविवारी जा. जमलं तर पौर्णिमा-अमावास्येच्या दोन दिवस इकडेतिकडे घ्या, ओढ चांगली असते. अष्टमीच्या भांगेला पाणी मेल्यासारखं पडून राहतं. आणि कालनिर्णय बघा, हे मी आधी बघितलं नव्हतं. पौर्णिमेनंतरची चौथी तिथी म्हणजे काय ते बाबांना बोटं मोजताना कळलं होतं, पण ते तोंडातून काढलं दुपारी, मासे फ्रिजमध्ये गेल्यावर. “आज संकष्टी.” मी म्हटलं, मग सकाळपासून गरवत काय होतात? “गरवूचा. खावचा नाय.” आमटी दुसऱ्या दिवशी झाली.