संस्था गावात येते तेव्हा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सुरगाणा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत एक संस्था रोज दोन तास वर्ग घेणार म्हणते. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. होकार देण्याआधी काय विचारू?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तुमच्या समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं हेही समितीचंच काम. म्हणून संस्थेच्या माणसांना एकट्याने भेटू नका, बैठकीला बोलवा आणि मुलांच्या आयांसमोर बोलू द्या. शिक्षण विभागाच्या परवानगीचं पत्र आधी मागा.

मग तीन गोष्टी विचारा. मुलांची पातळी कशी तपासणार? वर्ग चालू असताना आमचे गुरुजी तिथे असणार का? आणि तुमचा निधी संपल्यावर शिकवणार कोण?

पातळी तपासणं म्हणजे नुसता पेपर घेणं नव्हे. चौथीतलं मूल ४२ मधून १७ वजा करताना पुष्कळदा ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढून मोकळं होतं. लाल फुली मारून यातलं काहीच कळत नाही. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. एक गठ्ठा सोडायला सांगा. सुट्या बारा होतात, त्यातल्या सात बाजूला जातात, मग एक गठ्ठा जातो. हातात दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात, आणि २५ कुठून आले ते मूल स्वतः सांगतं. चांगला कार्यकर्ता हे करून दाखवतो आणि गुरुजींनाही त्यात ओढतो. गुरुजींना बाहेर बसवून वर्ग घेणारी संस्था कितीही नावाजलेली असली, तरी मी तिला होकार देणार नाही. ती गेली की शाळा होती तिथेच येते.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं मुलाबाळांसह येतात. मुलं दिवसभर बांधावर असतात. एखादी संस्था बोलवू का?

जरूर बोलवा, पण आधी जवळच्या शाळेत जा. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाला साजेशा वर्गात बसवणं शाळेला बंधनकारक आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. ते गावाकडच्या शाळेतून मिळतं, पण घाईघाईत गाडीत बसणाऱ्या आईबापांना ते मागायचं सुचत नाही.

संस्थेचा खरा उपयोग इथे होतो. कोणतं मूल कुठून आलं याची यादी करायची, दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांना जोडून द्यायचं, आणि मूल परत गेलं की तिकडे पुन्हा हजेरीवर येतंय का ते पाहायचं. काही संस्था गावातच हंगामी वसतिगृहासाठी पाठपुरावा करतात, म्हणजे मुलांना निघावंच लागत नाही.

तुमच्या हातातलं कामही मोठं आहे. मुकादमाशी उचल ठरवतानाच मुलांची नावं आणि इयत्ता लिहून घ्या. नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. त्या बाळाची अंगणवाडीत किंवा बागेतच सोय झाली तर ती सुटते. आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर लावणं गुन्हा आहे. विरळणीची कितीही घाई असली तरी.

प्रश्न : नाशिक शहरातल्या आम्हा सात मित्रांना ग्रामीण शिक्षणासाठी संस्था नोंदवायची आहे.

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं पुरतात. महाराष्ट्रात त्याबरोबर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी लागते. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी (मोठ्या कंपन्यांच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के) कागद चोख नसतील तर तुमच्याकडे फिरकणारही नाही.

पण मला मनापासून वाटतं की नोंदणीची घाई करू नये. नाशिकमध्ये १९१४ पासून मराठा विद्या प्रसारक समाज आहे, आदिवासी भागात १९३७ पासून डांग सेवा मंडळ आहे. शिवाय लहान लहान संस्था कितीतरी आहेत, आणि त्यांना माणसं कमी पडतात. एक शैक्षणिक वर्ष अशा एखाद्या संस्थेबरोबर पाड्यावर जा. त्यानंतरही स्वतःचीच संस्था हवी असं वाटलं, तर जरूर काढा.

प्रश्न : आमचं मंडळ त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शाळेत दप्तरं वाटणार आहे. योग्य आहे ना?

शाळेला विचारलंत का? काही पाड्यांवर एकाच वर्षात दोनदा दप्तरं येतात आणि पाणी मात्र येत नाही. तिथे पाऊस धो धो पडतो, पण मार्चनंतर झरे आटतात आणि मुली हंडा घेऊन निघतात. हजेरीपट चाळा. उन्हाळ्यात मुलींचीच गैरहजेरी वाढलेली दिसली, तर दप्तरांचे पैसे विहिरीच्या दुरुस्तीला किंवा टाकीला द्या. आधी गावातल्या बायकांना विचारा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या, म्हणजे विहिरीची किंवा टाकीची देखभाल कुणी करायची तेही तिथेच ठरेल.