रेसमध्ये घोड्याचा पाय मोडला की मारूनच का टाकतात, प्लास्टर करून वाचत नाही का?

दरवेळी मारतात असं नाय, साधं फ्रॅक्चर असेल तर प्लेट-स्क्रू टाकून वाचवतात. पण घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा, गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच, हाड, कंडरा आन् कातडी, त्यामुळं रक्तपुरवठा कमी, आणि त्याला माणसासारखं महिनाभर झोपवून ठेवता येत नाही, मग सगळा भार चांगल्या पायावर येतो आणि तो खूर आतून सुजून सुटायला लागतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. अमेरिकेतला रेसचा घोडा बार्बारो, त्याचा पाय २००६ ला प्रीकनेस या मोठ्या रेसमध्ये मोडला, ऑपरेशन झालं, आठ महिने झुंजला बिचारा, शेवटी लॅमिनायटिसमुळंच त्याला इंजेक्शन देऊन मारावं लागलं. एट बेल्स ही घोडी २००८ च्या केंटकी डर्बी रेसमध्ये दुसरी आली आणि लगेच पुढचे दोन्ही पाय मोडले, ट्रॅकवरच मरणाचं इंजेक्शन दिलं.

आपण सोलापूरकडची माणसं वाखरीच्या रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतो, आपल्याला हे बघवत नाही. जास्त राग याचा येतो की बरेच पाय अचानक मोडतच नाहीत, हाडात बारीक चिरा आधीपासून असतात, पेनकिलर दिलं की लंगडणं झाकलं जातं. म्हणून रेसआधी तपासणी आणि औषधावर कडक नियम पाहिजेतच, अमेरिकेत २०२२ पासून त्यासाठी देशपातळीवरचा कायदा लागू झालाय, इंग्लंडच्या ग्रँड नॅशनल रेसमध्ये २०२४ पासून ४० ऐवजी ३४ च घोडे पळवतात.