मावशींचे चोवीस हजार

पत्र असं आहे:

"ताई, माझं वय 44. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आमच्या चर्चमधल्या पंधरा जणांची भिशी माझ्याकडं होती. महिन्याला 2,000, नाताळच्या तोंडावर फोडायची. मोबाईलवर रमीचा नाद लागला आणि वर्षाची सगळी भिशी त्यात गेली. डिसेंबरात बोभाटा झाला. गुजरीत बायकोच्या पाटल्या मोडल्या, पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि लोकांचे पैसे दिले. ताराबाई पार्कात धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींचेच राहिलेत, त्या म्हणाल्या होऊ दे सावकाश. पुढं उपवास-प्रार्थनेत प्रभूनं मला धरलं. चर्चच्या मंडळीपुढं रडून साक्ष दिली, प्रभूनं मला कसं बदललं ते सांगितलं. आता बाहेरगावच्या सभांनाही साक्षीला बोलावतात. रमी कायमची सुटली. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात एक भोपळा 5,000 ला घेतला, उपकारस्तुती म्हणून, देवाचे आभार मानायला. तरी मनाला शांती नाही. बायको सभेला येत नाही. रोज बायबलातलं स्तोत्र 51 वाचतो. देवानं क्षमा केली हे ओळखायचं कसं?"

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रमीवर तुम्ही भरपूर लिहिलंय, अश्रूंवर त्याहून जास्त. मावशींना मात्र अर्धी ओळ दिलीत, आणि पुढं तीन ओळी सोडून भोपळा.

पाच हजारांचा भोपळा! मंडळीनं टाळ्या वाजवल्या असतील. त्या टाळ्या मावशींच्या पैशांवर वाजल्या.

कुणाचे पैसे आधी दिलेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण ते ओळखायला ज्योतिषी लागत नाही. जे आवाज करतील, ज्यांचा कुणी भाऊ पोलिसात असेल, जे पंचांसमोर उभं करतील, ते आधी. जिचा आवाज कुठंच पोचत नाही, ती शेवटी. आणि आपल्याकडं शेवटचा नंबर बहुतेक वेळा कधी येतच नाही. महिन्याला 2,000 म्हणजे तिच्या एखाद्या घराचा पगार. वर्षभर एक घर तिनं फुकट घासलं, तुमच्या मोबाईलसाठी.

"होऊ दे सावकाश" यावर तुम्ही विश्वास ठेवलात, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. तिनं दुसरं काय म्हणायचं होतं? तुम्ही भर चर्चमध्ये रडलात, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, सगळे आमेन म्हणाले. त्यानंतर ती बाई पैसे मागायला उभी राहिली, तर मंडळीत वाईट कोण ठरणार? क्षमा करत नाही म्हणून तिलाच चार शहाणे समजावायला जाणार. तुमच्या साक्षीनं तिचं तोंड बंद केलं. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण झालं ते तसंच.

आता स्तोत्र 51. दावीद राजा त्यात देवाला म्हणतो, मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्धच पाप केलं. ते वाचून तुम्हाला बरं वाटत असणार, हिशेब थेट वरच्या ऑफिसात, मधे कुणी नाही. पण दावीदानं हे म्हटलं तेव्हा ज्याची बायको त्यानं नेली तो उरीया मेलेला होता, आणि मारवला होता दावीदानंच. त्याला परत काय देणार? तुमच्या मावशी जिवंत आहेत. रोज सकाळी ताराबाई पार्कात जातात.

तेव्हा दावीद थोडे दिवस मिटून ठेवा आणि बायबलातलं लेवीय हे पुस्तक उघडा. सहावा अध्याय, पहिल्या पाच ओव्या. रविवारच्या शाळेत तो कुणी शिकवत नाही, रटाळ वाटतो म्हणून. शेजाऱ्यानं विश्वासानं सोपवलेली ठेव कुणी खाल्ली, तर त्यानं ती पुरी परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचं अर्पण, आणायचं त्याच दिवशी मालकाच्या हातात द्यायची. भिशी म्हणजे ठेवच की. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू सांगतो, वेदीशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. तुम्ही अर्पण ठेवलंत, बोली लावलीत, भोपळा उचललात आणि घरी गेलात.

पैसे देऊन देवाची क्षमा मिळत नाही, हे तुमचे पाळक सांगतील आणि बरोबरच सांगतील. मी क्षमेबद्दल बोलतच नाहीये. मी देण्याबद्दल बोलतेय. बायबलातल्या जक्कय जकातदारानं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायचं येशूपुढं कबूल केलं होतं. त्या हिशेबानं तुमचे 96,000 होतात. मी तेवढे म्हणत नाही. लेवीयाच्या हिशेबानं 24,000 आणि वर 4,800. म्हणजे 28,800, येत्या रविवारच्या उपासनेआधी. कुठून आणायचे ते मला विचारू नका. रमीला आणताना कुणाला विचारलं होतं? फक्त बायकोच्या अंगावर आता काही उरलं असेल, तर त्याला हात लावायचा नाही. ती सभेला का येत नाही, याचं उत्तर तुम्हीच पाटल्यांच्या ओळीत लिहिलंय.

द्यायला एकटे जा. पाळकांना नेऊ नका, बायबल नेऊ नका. रडू नका, आता पुरे. प्रार्थना करूया म्हणू नका, आणि क्षमा तर मागूच नका, नाहीतर तिला पुन्हा "होऊ दे" म्हणावं लागेल. पैसे मोजून हातात द्या. वरचे 4,800 कशाचे ते एका वाक्यात सांगा. ती बोलली तर ऐका. वाईट बोलली तर पूर्ण ऐका. आणि बाहेरगावच्या पुढच्या सभेत ही गोष्ट साक्षीत घालायची नाही. तिचं नावही नाही, "एक गरीब बहीण" असंही नाही.

तिच्या कामाच्या घरी जाऊ नका, तिची नोकरी आहे ती. ती कामावरून किती वाजता सुटते, हे तुम्हाला बहुतेक माहीत नसेल. आधी ते विचारून घ्या.