आधी माती उकर

लेका,

सकाळी पाचचं तिसरं टाइमटेबल मोडलं, अभ्यासाला बसावंसं वाटत नाही, आणि "मनाची तयारी कशी करू" म्हणून मला विचारतोस. तालमीत वाढलेल्या पोरानं हे विचारावं? पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसायला लागलास म्हणून कुस्तीचा मातीचा हौदा विसरलास काय रे?

पहाटे हौद्यात उतरलं की पहिलं काय? जोर नव्हे, बैठका नव्हेत. खोरं. आदल्या दिवशी तुडवून घट्ट झालेली लाल माती खालवर करायची, ढेकळं हातानं फोडायची, मुरलेल्या ताका-तेलाचा, हळदीचा वास नाकात भरेपर्यंत. घट्ट मातीवर पाठ आपटली तर हाड जातं, हे तर झालंच. पण उकरता उकरता खांदे, मनगटं, कंबर मोकळी होतात आणि झोप कधी पळाली ते कळत नाही. मन लागतंय का, असं मी कुठल्याच पोराला विचारलं नाही. तुलाही विचारणार नाही. आधी माती उकर.

तुझ्या अभ्यासातली माती म्हणजे काल चुकलेली गणितं, असं मला वाटतं. ती वहीत परत सोडवायची. कंटाळवाणं आहे, म्हणूनच आधी. टाइमटेबल रंगवलंस ती नुसती सलामी झाली. सलामीवर कुस्ती निघत नाही.

लोक म्हणतात, वस्तादानं पोरांना मातीत अडकवलं, मॅट दाखवली नाही. मॅटला पैसे कुठं होते? एक चांगला पोरगा त्यापायी मागं राहिला, ते अजून सलतं. पण उकरायचा कंटाळा करणारे मॅटवर गेल्यावरही दमातच तुटले, हेही मी पाहिलंय. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतच घडले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. मधली चार वर्षं त्यांनी मनाची तयारी करण्यात घालवली असं वाटतं तुला? माती, लेका. आधी माती.

उद्या उठलास की फोन बाजूला ठेव आणि वही उघड. बसावंसं वाटलं का, ते कळवू नकोस. किती गणितं सुटली तेवढं रविवारी कळव. आणि मेसचं दूध पातळ म्हणून नुसत्या चहावर राहू नकोस. खोलीत शेंगदाणे-गूळ ठेव, बदाम परवडायची वाट बघू नकोस.

तुझा वस्ताद