‘उडता आधारस्तंभ’ उडतही नाही आणि स्तंभही नाही

प्रश्न असा आहे: युरोपातल्या मध्ययुगीन चर्चवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘फ्लाइंग बट्रेस’साठी ‘उडता आधारस्तंभ’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. त्यातले दोन्ही शब्द वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचं चित्र उभं करतात. ही वस्तू म्हणजे अर्धी कमान. तिचं वरचं टोक चर्चच्या उंच भिंतीला टेकतं आणि खालचं टोक बाहेर उभ्या असलेल्या जाड दगडी खांबावर उतरतं. म्हणजे स्तंभ वेगळा, कमान वेगळी.

मधे मोकळी जागा का, हे कळलं की शब्दाचं निम्मं काम होतं. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या चर्चचं मधलं दालन उंच असतं आणि दोन्ही बाजूंना त्याहून बुटकी, उतरत्या छपराची दालनं असतात. आपल्याकडच्या माजघर-पडवीसारखीच ही रचना. मधल्या दालनावर दगडी कमानछत असतं आणि ते भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटतं. भिंतीला थेट धिरा द्यावा तर वाटेत पडवी येते. म्हणून पडवीच्या छपरावरून कमान टाकून तो रेटा बाहेरच्या खांबावर नेतात. इंग्रजीतलं ‘फ्लाइंग’ एवढ्यापुरतंच, खाली काही नाही म्हणून. इंग्लंडमधल्या डरॅम कथीड्रलचं बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालं. तिथे अशाच पाव वर्तुळाच्या कमानी बाजूच्या छपराखाली दडलेल्या आहेत. त्या बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे ‘फ्लाइंग’ हे वर्णन त्यांना शोभत नाही.

शब्दशः जायचं तर ‘अधांतरी टेकू’ जवळचा ठरेल. पण मराठीत ‘अधांतरी’ म्हटलं की भरवसा नसलेली गोष्ट आठवते, आणि टेकूत तर भरवसा हा एकच गुण हवा असतो. इथे फ्रेंचांचा हात धरावा. त्यांचा शब्द ‘आर्क-बूताँ’, म्हणजे रेटा देणारी कमान. जर्मन ‘श्ट्रेबेबोगन’ही टेकू देणारी कमानच. इंग्रजी नाव रूप सांगतं, ही दोन्ही नावं काम सांगतात. म्हणून मी ‘टेकूकमान’ सुचवेन आणि बाहेरच्या खांबाला ‘धिरा’. कललेल्या भिंतीला किंवा झाडाला लावतात तोच हा धिरा. जुना, रुळलेला शब्द आहे. पहिल्या उल्लेखात ‘टेकूकमान, म्हणजे फ्लाइंग बट्रेस’ असं लिहून टाकावं आणि पुढे नुसतं ‘टेकूकमान’.

नावापेक्षा क्रियापदात जास्त चुका होतात. ‘टेकूकमानी छताचा भार पेलतात’ हे वाक्य चूक आहे. भार खांबांवरून सरळ खाली जमिनीत जातो. टेकूकमान घेते तो आडवा रेटा. म्हणून ‘रेटा थोपवतात’ किंवा ‘रेटा धिऱ्यापर्यंत पोचवतात’ असं लिहावं. धिऱ्याच्या माथ्यावरचा टोकदार सुळकाही नुसती नक्षी नव्हे. त्याच्या वजनामुळे तिरका येणारा रेटा खालच्या दिशेला वळतो. काही ठिकाणी एकावर एक दोन टेकूकमानी दिसतात. त्यातली खालची प्रामुख्याने कमानछताचा रेटा घेते, वरची उंच छपरावर आदळणाऱ्या वाऱ्याचा.

टेकूकमान भिंतीला किती उंचीवर टेकते, ते चुकलं तर काय होतं हे फ्रान्समधल्या आमियाँला दिसतं. तिथल्या कथीड्रलचं कमानछत सुमारे ४२ मीटर उंच आहे. आधीच्या टेकूकमानी गरजेपेक्षा वर बसल्या, भिंती आणि खांब बाहेर झुकू लागले. मग खाली दुसरी रांग घालावी लागली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी साखळीने इमारत आवळावी लागली. फ्रान्समधल्याच बोव्हेच्या कथीड्रलचं कमानछत आणखी उंच, ४८ मीटर. त्याचा काही भाग १२८४ मध्ये कोसळला. नेमकं कारण काय, यावर अभ्यासक अजून भांडतात.

टेकूकमान स्वतःही भिंतीला आत रेटत असते, हे भाषांतरकार हमखास विसरतात. पॅरिसच्या नोत्र-दामचं लाकडी छप्पर १५ एप्रिल २०१९ ला जळालं आणि खालच्या दगडी कमानछताला भोकं पडली. उरलेलं कमानछतही गेलं असतं तर बाहेर रेटणारं काही उरलं नसतं आणि टेकूकमानींनी भिंती आत ढकलल्या असत्या. म्हणून तिथल्या २८ टेकूकमानींखाली लाकडी सेंटरिंग बसवलं गेलं. स्लॅबखाली लावतात तेच हे सेंटरिंग, तेव्हा इथे नवा शब्द घडवत बसू नये.

गोव्यातल्या वाचकाला एका वाक्यात समजावायचं असेल तर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेच्या बाजूच्या जांभ्या दगडाच्या तिरक्या कमानींकडे बोट दाखवावं. मात्र ते चर्च गॉथिक नाही, एवढं सोबत लिहावं.

व्याकरणात अडचण नाही: ती टेकूकमान, त्या टेकूकमानी, तो धिरा, ते धिरे, धिऱ्यावर.