नव्या यूपीव्हीसी खिडक्यांतून पावसाचे पाणी आत येते आणि कंपनी दाद देत नाही. काय करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: पुण्यात आठव्या मजल्यावरच्या सदनिकेत मार्चमध्ये यूपीव्हीसीच्या (म्हणजे एका कडक प्लॅस्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवल्या, पहिल्याच पावसात पाणी आत येऊ लागले, कंपनीची माणसे दोनदा येऊन सिलिकॉन भरून गेली आणि आता फोनही उचलला जात नाही, तर कोणत्या कंपनीच्या खिडक्या घ्यायला हव्या होत्या, आणि दिलेले पैसे परत मिळतात का? शेवटी आपण लिहिले आहे की वीस टक्के रक्कम अजून द्यायची बाकी आहे आणि वडील म्हणतात, देऊन टाक, पैसे मिळाले की ते स्वतःहून येऊन दुरुस्ती करतील. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले आहे. ते पैसे देऊ नका.

आमचे घर रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. भिंती जांभ्याच्या आहेत आणि वडिलांनी घर बांधले तेव्हाच्या खिडक्या सागवानी होत्या. पश्चिमेला पडवी होती आणि दर पावसाळ्यापूर्वी तिला माडाच्या झावळ्यांची झापे बांधली जात, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्यांना पावसाचा थेंब कधी लागलाच नाही. पुढे पडवी काढून तिथे खोली केली, पश्चिमेची भिंत उघडी पडली, दोन खिडक्यांना वाळवी लागली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही सातही खिडक्या बदलून यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या. एकूण १,९६,००० रुपये ठरले होते: निम्मे आगाऊ, तीस टक्के माल आल्यावर आणि वीस टक्के काम पूर्ण झाल्यावर.

काम पूर्ण झाले असे मी म्हटलेच नव्हते. दोन खिडक्यांची कुलपे लागत नव्हती, एकीच्या चौकटीभोवतीचा फोम तसाच उघडा होता. पण ही कंपनी डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या ओळखीतून आलेली होती, म्हणून त्यांच्या माणसाने मला न विचारता दादाला फोन केला, आणि दादाने त्याच संध्याकाळी उरलेले ३९,२०० रुपये पाठवून दिले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "अगं, लोकांचे पैसे अडकवून ठेवू नयेत. संबंध चांगले राहिले तर कामही चांगलं होतं." त्या दिवसानंतर ती कुलपे नीट करायला कोणी आले नाही.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. पश्चिमेच्या तिन्ही खिडक्यांच्या खालच्या पट्टीतून पाणी अक्षरशः उकळल्यासारखे बुडबुडे काढत आत येत होते. कंपनीला कळवले तर उत्तर आले की चक्रीवादळ ही नैसर्गिक आपत्ती आहे आणि ती वॉरंटीत बसत नाही. तेव्हा टाळेबंदी होती, वादळही खरोखर मोठे होते, म्हणून मी ते मान्य केले. मात्र जुलैमध्ये साध्या पश्चिमेच्या पावसातही तेच झाले. आईचे वय तेव्हा ८२ होते आणि तिची खाट पश्चिमेच्या खोलीत होती. तिने जुन्या नऊवारीचे पट्टे फाडून ते खिडकीच्या ट्रॅकमध्ये बसवले होते, आणि रात्री दोन-तीनदा उठून ती ते बालदीत पिळत असे. मी उठले की म्हणायची, तू झोप, तुला सकाळी काम असतं. मी निवृत्त झाल्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती.

ग्राहक सेवेच्या क्रमांकावर मी त्या पावसाळ्यात अकरा वेळा बोलले, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न असे: "मॅडम, खिडकी नीट लावली होती का?" पहिला तंत्रज्ञ उघडीप असताना आला, त्याने बाहेरून मगभर पाणी काचेवर ओतले, आत थेंब आला नाही, आणि खिडकीत दोष नाही असे लिहून तो गेला. दुसऱ्याने काचेच्या कडांना सिलिकॉन भरले. तिसऱ्याने जे केले ते मी आजही विसरलेले नाही. खिडकीच्या चौकटीला बाहेरून खालच्या बाजूला ज्या बारीक खाचा असतात, ट्रॅकमध्ये साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून ज्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्या त्याने सिलिकॉनने बुजवल्या. "बाई, पाणी इथूनच आत शिरतंय," असे तो म्हणाला. त्या रात्री ट्रॅक पन्हळीसारखा भरला आणि काठावरून जमिनीवर वाहिला. दुसऱ्या दिवशी मी दाभणाने ते सिलिकॉन कोरून काढले. त्या तंत्रज्ञाचा मला राग नाही. त्याला खिडकी कशी चालते हे कोणी शिकवलेच नव्हते. राग आहे तो त्याला पाठवणाऱ्यांचा. जाताना त्याने माझ्या फोनवर आलेला ओटीपी मागितला, "मी येऊन गेलो याची नोंद करायची आहे," म्हणाला, मी तो दिला, आणि संध्याकाळी संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे. आपणही असा ओटीपी दिला असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवा की काम झालेले नाही, आणि यापुढे पाऊस पडून गेल्याशिवाय तो देऊ नका.

मी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून शेवटी मोजपट्टी घेऊन स्वतःच बसले. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते अडवायचे नसते, बाहेर सोडायचे असते. वारा मात्र बाहेरून दाब देऊन ते पाणी त्याच खाचांतून मागे रेटतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब साधारण १२० पास्कल, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ७२ किलोमीटरला तो दुप्पट होऊन पाणी सुमारे २४ मिलिमीटर चढते. आमच्या ट्रॅकची आतली कड मोजली तर १८ मिलिमीटर भरली. म्हणजे ताशी साठ-बासष्ट किलोमीटरच्या पुढचा झोत आला की पाणी आत येणारच होते, कितीही सिलिकॉन भरा. शिवाय आई हवेसाठी पूर्वेची खिडकी उघडी ठेवत असे. त्यामुळे घरातला दाब आणखी कमी होऊन पश्चिमेचे पाणी जोराने ओढले जात होते. पूर्वेची खिडकी बंद केल्यावर फरक पडला, तो आईच्याही लक्षात आला. मगभर पाणी ओतून केलेल्या परीक्षेत हे काहीच दिसत नाही, कारण त्यात वारा नसतो.

म्हणून कोणत्या कंपनीची खिडकी, हा आपला प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. ज्या नावावर आपण विश्वास ठेवतो ती कंपनी बहुतेक वेळा फक्त प्रोफाइल, म्हणजे लांब पोकळ पट्ट्या तयार करते. त्या कापून, कोपरे जोडून खिडकी बनवतो तो फॅब्रिकेटर, आणि घरी येऊन बसवतात ती अनेकदा तिसरीच माणसे. आमच्या वॉरंटी कार्डावर प्रोफाइलला दहा वर्षे आणि चाके, कुलपे वगैरेंना एक वर्ष असे लिहिले होते. बसवण्याच्या कामाचा उल्लेखच नव्हता. पाणी मात्र प्रोफाइलमधून कधीच येत नाही. ते येते आखूड कापलेल्या रबरी गॅस्केटमधून, चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, आतल्या बाजूला ढाळ दिलेल्या खिडकीखालच्या ग्रॅनाइटवरून. जांभ्याच्या भिंतीत तर खिडकीचे तोंड काटकोनात नसतेच, त्यामुळे एका बाजूला फट बोटभर आणि दुसऱ्या बाजूला शून्य. कंपनी फॅब्रिकेटरकडे बोट दाखवते, फॅब्रिकेटर गवंड्याकडे, आणि गवंडी म्हणतो, मी तर सरळच बांधले होते. दादाचे अजूनही म्हणणे आहे की सागवान काढले हीच चूक झाली. ते मला मान्य नाही. सागवानी खिडक्यांना इतकी वर्षे पडवीने आणि झापांनी सांभाळले होते. त्याच खिडक्या उघड्या भिंतीत राहिल्या असत्या तर त्यांच्यातूनही पाणी आलेच असते. यूपीव्हीसीचा दोष नाही. जिथे पाऊस समोरून आपटतो त्या भिंतीला सरकती खिडकी बसवणे हा दोष आहे, आणि हे मला विकताना कोणीही सांगितले नाही. तिथे बिजागरीची, बंद केल्यावर चारही बाजूंनी रबरावर दाबून बसणारी खिडकी हवी.

२०२२ चा पावसाळाही तसाच गेला. दादा म्हणत होता, दोन हजारांचे सिलिकॉन स्वतः आणून भर आणि विषय संपव, या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढतेस. सप्टेंबर २०२२ मध्ये मी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, उत्तर आले नाही, आणि मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. वकील केला नाही. ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कंपनीच्या गोड बोलण्यात ती निघून जाते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आमच्या बाबतीत तिचा उपयोग एवढाच झाला की कंपनीकडून पहिल्यांदा लेखी उत्तर आले, पण ते लेखी उत्तरच पुढे माझ्या कामी आले, कारण त्यात त्यांनी खिडक्या आपल्याच माणसांनी बसवल्याचे कबूल केले होते.

मार्च २०२३ मध्ये दुसऱ्या सुनावणीला कंपनीच्या वकिलाने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला, आणि एप्रिलमध्ये पश्चिमेच्या तिन्ही सरकत्या खिडक्या काढून त्यांनी स्वखर्चाने बिजागरीच्या बसवून दिल्या. त्या दिवशी मी बागेच्या होजने प्रत्येक खिडकीवर दहा-दहा मिनिटे जोराचा झोत मारला आणि आत कोरडे आहे हे त्यांच्या माणसालाही पाहायला लावले, तेव्हाच सही केली. होजच्या पाण्यालाही वादळाचा जोर नसतो, पण मगापेक्षा ती परीक्षा कितीतरी बरी. दादा म्हणतो, शेवटी त्यांनी केलेच ना, मग दोन वर्षे कशाला भांडलीस. मी त्याला प्रत्येक वेळी सांगते की ते ३९,२०० रुपये माझ्या हातात असते तर हेच काम २०२१ च्या जूनमध्ये झाले असते, आणि आईला दोन पावसाळे रात्री उठून फडकी पिळावी लागली नसती. तो यावर काही बोलत नाही, पण चूक झाली असेही आजवर म्हणालेला नाही.

आपल्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या असू शकतात. खिडक्या आपण न बसवता बांधकाम व्यावसायिकाने बसवून दिल्या असतील, तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला कामाचा दोष त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तेव्हा पत्र त्याला पाठवा. आठव्या मजल्यावर बाहेर उघडणारी झडप स्वच्छ करणे अवघड आणि लहान मुले असतील तर धोक्याचे आहे, शिवाय बाहेर ग्रिल असेल तर ती उघडणारच नाही. तिथे आत उघडणारी किंवा काही भाग कायमचा बंद ठेवलेली खिडकी घ्यावी लागेल. गच्चीकडे किंवा छज्ज्याखाली असलेल्या सरकत्या खिडक्या बदलण्याची गरज नाही. आमच्या उरलेल्या चार अजून उत्तम चालतात. आणि बाहेरच्या खाचा आधी तपासा, कारण प्लॅस्टरच्या चुऱ्याने त्या बुजल्या असतील तर आपला निम्मा त्रास एका काडीने संपेल.

सगळे पैसे परत मिळतील असे मी सांगू शकत नाही. मला ते मिळाले नाहीत, खिडक्या मिळाल्या. पण वीस टक्के रक्कम रोखून नुसते गप्प राहू नका. आजच ईमेल करा की रक्कम तयार आहे, अमुक खोलीतल्या अमुक खिडक्यांतून पाणी येते, सोबत तारखेसह चित्रफिती जोडल्या आहेत, आणि आपल्यासमोर पाण्याची परीक्षा उत्तीर्ण झाली की त्याच दिवशी रक्कम दिली जाईल. वडील तरीही आग्रह धरतील, आणि कंपनीचा माणूस आपल्याला सोडून त्यांना फोन करेल हेही संभवते. त्यापूर्वी हे उत्तर त्यांना वाचायला द्या.